एक म्हणजे ढील

घाटटोलीत दोर कुणी जमिनीवर ठेवत नाही. खुंटीला टांगतात, चुलीच्या झळेपासून दूर. त्याच्यावर एखाद्या नव्या सुनेनं ओलं लुगडं वाळत घातलं, तर सासू आठ दिवस तिच्याशी सरळ बोलत नाही. कामिनीच्या घरची खुंटी दाराच्या आतल्या अंगाला होती. सतरा वर्षं ती रोज सकाळी ते घर झाडत आली होती, आणि सतरा वर्षं त्या दोराकडे पाठ करूनच. दोर मधे तीनदा बदलला. पाठ काही बदलली नाही.

पुसातली, ऐन थंडीतली दुपार होती. कामिनी अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. पलीकडे तिचा नवरा विनोद जाळं सांधत होता. ओसरीवरच्या खाटेत तिची सासू केशरबाई उन्हाला पाय देऊन पडली होती. केशरबाईला आता कमी ऐकू यायचं. म्हणजे जे ऐकू नये ते बरोबर ऐकू यायचं, बाकीचं नाही.

तेवढ्यात नीतू आली. नीतू म्हणजे पुतण्या चंदनची बायको, दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली. कोंढ्याच्या शेतकऱ्याची पोर. कॉलेजात चंदनशी जमलं. घरच्यांनी महिनाभर तोंड फिरवलं आणि मग एक दिवस तांदळाची दोन पोती पाठवून दिली, म्हणजे राग गेला असं समजायचं. चंदनला आई नव्हती, त्यामुळे सासूची जागा रिकामी होती आणि ती भरायला अर्धी टोली तयार होती. नीतू मात्र विचारायचं ते कामिनीलाच विचारायची.

"काकूजी, एक विचाराचं होतं. पण हासू नका."

"विचार न."

"आमच्या यायले उद्या सकाळी पाण्याखाली जा लागते. जाळं फसलं."

"कुठं फसलं?"

"शकुनबाईच्या चिंचेत."

कामिनीच्या हातातलं सूप थांबलं. शकुनबाई पुनर्वसनाच्या गावी गेली आणि तिथंच वारली. तिची चिंच मात्र जागेवरच उभी राहिली, धरणाच्या पाण्यात बुडून. वरच्या बारीक फांद्या केव्हाच गळाल्या होत्या. पाणी जरा उतरलं की एक काळं बोट तेवढं वर दिसायचं.

"अन् दोर मले धरा लागते," नीतू म्हणाली. घाटटोलीत बुडी मारणाऱ्याचा दोर घरच्या बाईनंच धरायचा असतो. पुरुषाचं ध्यान जाळ्यात राहतं, बाईचं माणसात, असं केशरबाई सांगत आली. "पण आजी म्हणते, एक झटका आला म्हणजे ढील दे, दोन आले म्हणजे ओढ. अन् काकाजी यायले सांगून राहिले, एक म्हणजे ओढ, दोन म्हणजे ढील. आता मी कोणाचं आयकू? नाहीतर मोबाईलच बांधून देते यायच्या गळ्यात."

स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली. कामिनी हसली नाही.

भीती जुनी झाली की मरते, असं म्हणतात. खोटं आहे. ती खुंटीला टांगलेली असते.

तेव्हा कामिनी वीस वर्षांची होती आणि लग्नाला सहा महिने झाले होते. माहेर साकोलीकडचं, एकोडीच्या जवळ. बाप तुलाराम गावतलावात मासे पाळायचा आणि शिंगाडे लावायचा. जातीनं दोन्ही घरं एकच, पण नदीवाले तलाववाल्यांना मोजत नसत. केशरबाईनं तर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "तुह्या बापाचं पाणी म्हणजे कढईतलं. आपण हलवलं तर हलते. हे नदीचं पाणी आहे बाई, हे आपल्याले हलवते."

खरं तर तोवर ती नदीही नदी राहिली नव्हती. खाली गोसीखुर्दला पाणी अडवायला लागले त्याला तिसरं वर्ष होतं. मोठं गाव उठून गेलं होतं. उंचावर होती म्हणून ही पंधरा घरांची टोली तेवढी उरली, तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला चिखल. कोंढ्याच्या बाजाराला जायचं तर आधी डोंगा, मग चिखलातली पायवाट, मग जीप आली तर जीप. संध्याकाळी दिवे नसायचे. विजेचे खांब होते, पण ते अर्धे पाण्यात उभे होते.

कामिनी नवऱ्याबरोबर डोंग्यात बसून जायची तेव्हा बुडाखाली मधेच काहीतरी घासायचं. विनोद सहज म्हणायचा, "शाळेची भिंत." थोडं पुढं गेलं की, "आता विहिरीचं तोंड येईल, हात बाहेर ठेऊ नको." जणू रस्त्यानं जाताना कुणाकुणाची घरं दाखवतोय. ती हात मांडीखाली घालून बसायची.

सासरे सोमाजी तर काठावरून उठायचेच नाहीत. तीस वर्षं वैनगंगेच्या डोहात बुड्या मारलेला माणूस, पण या पाण्यात त्यांनी पाय घातला नाही. "पाणी आंधळं झालं," ते म्हणायचे. "वाहत्या पाण्याले डोळे असतात. माणूस कुठं आहे ते त्याले दिसते, बाजूनं निघून जाते. याले दिसत नाही. म्हणून हे चाचपडते."

हे ऐकल्यापासून कामिनी काठावर भांडी घासायला बसली तरी पाय वर घेऊन बसायची.

त्या पुसात नवं जाळं पहिल्यांदा पाण्यात पडलं. केशरबाईनं पावसाळाभर विणलेलं होतं ते. सकाळी उचलायला गेले तर शकुनबाईच्या चिंचेत फसलेलं. जाळं फाडून आणणं म्हणजे केशरबाईचे चार महिने फाडून आणणं, तेव्हा ते बोलायचीही सोय नव्हती. खाली जाऊन सोडवायला लागणार होतं. दोर धरायला केशरबाई होतीच. आधी नवऱ्याचा, मग मुलाचा दोर तिनंच धरला होता. पण आदल्याच दिवशी टोपलीत हात घातला आणि सिंगूर माशाचा काटा तिच्या तळव्यात शिरला. हात कोपरापर्यंत सुजला. रात्रभर ती हळदीत हात बुडवून शिव्या देत बसली होती, अर्ध्या माशाला, अर्ध्या सरकारला.

"कामिनी जाईल," सकाळी ती म्हणाली. "ध्यान देऊन आयक व पोरी. एक झटका म्हणजे ढील. दोन म्हणजे ओढ. काय सांगतलं?"

"एक म्हणजे ढील, दोन म्हणजे ओढ."

"अन् काहीच नाही आलं तं?"

कामिनीनं दोर खांद्यावर घेतला.

"तं माहा जीव घेऊन ये," केशरबाई म्हणाली आणि तोंड फिरवून आत गेली.

आता ही रीत नदीतली. वाहत्या पाण्यात धार दोराला सारखी ओढत असते, बुडी मारणाऱ्याला घडोघडी ढील लागते. जे वारंवार मागायचं ते एका झटक्यात मागायचं. ओढून घे हे एकदाच सांगायचं, म्हणून त्याला दोन. कामिनीच्या माहेरी मात्र वेगळं. बाप रबरी ट्यूबवर बसून तलावाच्या मधोमध शिंगाडे तोडायचा, आणि शेजारी तरंगणाऱ्या टोपल्याचा दोर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर बसलेल्या कामिनीच्या हातात असायचा. टोपलं भरलं की तुलाराम एक झटका द्यायचा, म्हणजे ओढ. दोन दिले म्हणजे थांब, वेलात अडकलं, सोड. आठव्या वर्षापासून बारा हंगाम तिनं ते टोपलं ओढलं होतं. एक, की ओढ. डोळे मिटून, गाणं म्हणत, मैत्रिणीशी भांडत, एक, की ओढ.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. कारण कुणी विचारलं नाही. आणि सहा महिन्यांची सून आपल्या माहेरच्या कढईची गोष्ट कशाला काढेल?

धुकं वर चढत होतं तेव्हा ते चिंचेपाशी पोचले. पाण्यावर एक तरंग नव्हता. चिंचेच्या तेव्हा चार-सहा वाळल्या फांद्या वर होत्या, आणि एका फांदीवर पाणकावळा पंख उघडे टाकून बसला होता, कुणी वाळत घातल्यासारखा. विनोदनं सदरा काढला, दोर कमरेला बांधला. अंगावर काटा आला होता त्याच्या.

"भेते काय?"

"नाही जी."

"मी भेतो," तो म्हणाला आणि हसला. "तीस मोज. सावकाश. तीसच्या आत मी वर येतो."

पहिल्यांदा तो सव्वीसला वर आला. केसांतून शेवाळ गळत होतं. "दोन फांद्यांच्या बेचक्यात फसलं. फांदीखालून जा लागते. काहीच दिसत नाही, हातानंच पाहून राहिलो." दोन श्वास घेतले, तिसरा भरून घेतला आणि पुन्हा गेला.

कामिनी मोजत होती. सात, आठ. दोर तिच्या तळव्यातून हळूहळू सरकत होता, साप बिळात जावा तसा. अकरा. बारा.

एक झटका आला.

तिनं ओढलं.

विचार करून नाही. विचार करायला डोकं लागतं, ते त्या वेळी भीतीनं भरलेलं होतं. ओढलं ते हातानं, एकोडीच्या पाळीवरच्या हातानं. दोर ताठ झाला. खाली काहीतरी अडलं. पुन्हा एक झटका आला, जोराचा, आणि तिला वाटलं, माणूस अडकला, हाका मारून राहिला. तिनं डोंग्याच्या कडेला पाय लावला आणि सगळ्या अंगानं ओढलं. तिसरा झटका आला तो झटका नव्हताच. नुसती थरथर होती, गळाला लागलेल्या माशाची असते तशी.

तेव्हा केशरबाईचा आवाज तिच्या कानात बोलला. एक म्हणजे काय सांगतलं?

तिनं दोर सोडून दिला. सगळा सोडला. तो डोंग्याच्या कडेवर सैल पडला आणि तसाच पडून राहिला. कुणी तो खाली ओढून घेतला नाही. चिंचेपाशी बुडबुडे वर आले, मग कमी झाले.

एकतीस. बत्तीस.

तिला हाक मारायची होती. पण कोणती? नवऱ्याचं नाव तिनं उखाणा सोडून कधी घेतलं नव्हतं. ती पाण्याकडे तोंड करून "अजी" म्हणाली. घरात पाणी हवं का विचारावं, तसं. "अजी, आयकता काय." पाणकावळ्यानं मान वळवून पाहिलं.

अडतीसला ती पाण्यात होती.

पाणी बर्फासारखं होतं आणि दोन हातांखाली काळं. आंधळं. त्याला माणूस दिसत नाही, चाचपडते ते. पण खाली जाता जाता तिला एक गोष्ट कळली, आणि ती भीतीपेक्षा थंड होती. हे पाणी तिच्या ओळखीचं होतं. वाहत नव्हतं, नेत नव्हतं, नुसतं उभं होतं. तलावच होता हा. नदीवाल्यांना उभ्या पाण्यात कसं वागावं ते कळत नाही, ते हातपाय मारतात आणि गाळ उठवतात. तलावात पाय मारायचे नसतात. वेलाला धरून जायचं असतं. तिनं पाय जुळवले, डोळे मिटले आणि दोराला धरून एका हातापुढे दुसरा हात घालत खाली गेली.

फांदी लागली. दोर फांदीवरून पलीकडे गेला होता, आणि तिनं वरून ओढला तेव्हा चिंचेच्या फाटलेल्या लाकडात, चिरेत, दातात धरल्यासारखा रुतून बसला होता. वर कितीही सैल सोडला तरी खालच्या माणसाला एक बोटभर ढील मिळणार नव्हती. ती फांदीखाली हात फिरवत गेली आणि तिच्या हाताला केस लागले. माणसाचे. ते हलत होते, पण पाण्यानं हलतात तसे.

तिनं फांदीला दोन्ही पाय लावले आणि दोर चिरेतून उपसला. एकदा निघाला नाही. छातीत आग लागली. दुसऱ्यांदा निघाला.

वर आल्यावर किती वेळ कोण कुणाला धरून होतं ते तिला आठवत नाही. डोंग्याच्या कडेला दोघं लटकले होते. विनोदच्या नाकातोंडातून पाणी गेलं, मग पित्त गेलं, मग तो कितीतरी वेळ नुसता खोकत राहिला. त्याच्या पोटावर दोराचा वळ उठला होता, लाल, रुंद. तिनं तो पाहिला आणि तिचे दात वाजायला लागले.

तिला सांगायचं होतं. 'मी ओढला' हे दोनच शब्द होते. ती तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "दोर... फांदीत फसला होता."

"हो," ती म्हणाली.

बस. एवढंच.

काठावर केशरबाईनं सुजलेल्या हातानंच तिची दृष्ट काढली. दुपारपर्यंत पंधराही घरांना कळलं होतं. संक्रांतीला बायका तिला दोनदा कुंकू लावायच्या. "तळ्याबोडीतली म्हणत होतो आपण," केशरबाई सगळ्यांना सांगायची, "पण बोडीतलीनंच माहा पोरगा काढला." टोलीत कुणाचं लग्न झालं की नव्या सुनेला दोर शिकायला कामिनीकडे पाठवायचे. हात पक्का म्हणून. कामिनी शिकवायची, आणि शिकवताना तिचे तळवे घामानं भिजायचे.

महिन्याभरानं विनोदला पुन्हा खाली जावं लागलं. दोर बांधता बांधता तो म्हणाला, "आजपासून एक म्हणजे ओढ, दोन म्हणजे ढील. थंड्या पाण्यात घाईत दोनदा हात हालत नाही." तिनं मान हलवली. कारण पटण्यासारखं होतं. पण त्या दिवसापासून एक नवी भीती घरात राहायला आली. याला माहीत आहे का? मोहाची दारू पिऊन आला की ती त्याच्या तोंडाकडे पाहायची, आता बोलेल. भांडण झालं की वाट पाहायची, आता काढेल. तो भाजीतल्या मिठावरून बोलला, तिच्या भावावरून बोलला, बोलायला विषय काय कमी असतात? पण हे कधी निघालं नाही. सतरा वर्षं नाही.

"काकूजी?" नीतू म्हणाली. "काय झालं?"

कामिनीनं सूप खाली ठेवलं. पुढ्यात एक सोपा रस्ता होता. विनोदची रीत खरी म्हणून सांगावं आणि मोकळं व्हावं. पण चंदन केशरबाईच्या मांडीवर वाढलेला. काकानं वर हजारदा सांगितलं तरी खाली जीव घाबरा झाला की त्याचा हात कोणाची रीत बोलेल? आणि या पोरीचा हात? तिनं तर अजून इथला दोर हातात धरला नव्हता.

"नीतू," ती म्हणाली, "तुह्या माहेरी दोर कुठं धरला का तू कधी?"

"विहिरीत न. उन्हाळ्यात गाळ काढाले माणूस उतरे, तवा बाबा मले वर बसवत."

"तिथं एक झटका म्हणजे काय?"

नीतूनं क्षणभर आठवलं. "एक म्हणजे थांब."

तिसरीच रीत. पोर हसत हसत विचारायला आली होती, आणि उद्या सकाळी तिचा हात थांबला असता.

मग कामिनीनं सांगितलं. शिंगाड्याच्या टोपल्यापासून सगळं सांगितलं, पोटावरच्या वळापर्यंत. आवाज बारीक ठेवला होता, पण अंगण काही मोठं नव्हतं. मधेच तिच्या लक्षात आलं की विनोदची सुई थांबली आहे. ती तिकडे पाहू शकली नाही. शेवटचं वाक्य तिनं तांदळाकडे पाहून सांगितलं. "दोर फसला नव्हता. मी ओढला होता."

नीतूनं तोंडावर हात ठेवला.

मग विनोद बोलला, कामिनीशी नाही, नीतूशी. "मी तीनदा एकच झटका देलो होतो. ढील दे, ढील दे म्हणून. ती दर टायमाले ओढे. मले खालीच समजलं." त्यानं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, तो ओवला गेला नाही. "पण बाईच्या माहेरी एक म्हणजे काय, हे मी तरी कुठं विचारलो होतो? शिकवा लागते हाताले नवं. म्हटलं, आपणच रीत बदलू."

"सतरा वर्षं बोलले नाही जी तुमी," कामिनी म्हणाली.

"तू तरी कुठं बोलली?"

खाटेवरून केशरबाई उठून बसली. "काय म्हणून राहिली रे ते? कोण ओढला?"

"काही नाही, माय," विनोद मोठ्यानं म्हणाला. "दोर जुना झाला म्हणते. बदला लागते."

"मंग बदला न. त्यात रडाचं काय?"

त्या दुपारी चंदनला अंगणात बोलावलं, कोरड्या जमिनीवर. कामिनीनं खुंटीवरचा दोर स्वतः काढला, त्याच्या कमरेला बांधला आणि त्याला घरामागं उभं केलं. दुसरं टोक नीतूच्या हातात दिलं, डोळे मिटायला लावले. आधी नीतूच्या हाताला विचारलं, मग चंदनच्या, आणि दोघांच्या मधली एक रीत ठरवली, कुणाचीच नव्हती ती: लांब खेचलं म्हणजे ओढ, भराभर हलवलं म्हणजे ढील. टोलीतली माणसं कुडाबाहेर जमून हसत होती. "चंदन, आता गोठ्यात बांध म्हणा तुले," कुणीतरी म्हणालं. कामिनीनं त्यांना चाळीसदा तेच करायला लावलं.

सकाळी ती काठावर उभी होती. चिंचेपाशी डोंगा स्थिर होता, त्यात नीतूची पाठ, ताठ. चंदन खाली गेला. कामिनीच्या रिकाम्या मुठी आपोआप मिटल्या. ओठ हलायला लागले. नऊ, दहा, अकरा, बारा. बाराला तिचे डोळे मिटले. तेरा, चौदा, पंधरा, अठरा...

"सावकाश," शेजारून विनोद म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला ते तिला कळलं नव्हतं. "तू तवाही घाईनंच मोजली असशील."

तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली, या वेळी मोठ्यानं. तोही मोजायला लागला.